हाताने वाचलेला इतिहास

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातील अंगणाअंगणांत मातीचे किल्ले उभे राहू लागतात. मुले दगडविटा गोळा करतात, त्यांवर पोती पसरून चिखल लिंपतात, अळीव पेरतात आणि माथ्यावरच्या सिंहासनावर शिवाजी महाराजांना बसवतात. त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी आपल्या ओट्यांवर नाताळचा गोठा आकार घेऊ लागतो. तेथेही तीच लगबग असते. गवताचे छप्पर कलते करावे की सपाट, बैल कोठे बांधावा, मेंढपाळ कोणत्या वाटेने आले असतील, यावर भावंडांत वाद रंगतात. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी गवत भरलेली गव्हाण, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला, तो केवळ करमणुकीसाठी नव्हे. बेथलेहेमच्या बाळाचे दैन्य लोकांनी कानांनी ऐकले होते. ते त्यांनी डोळ्यांनी पाहावे, अशी त्याची इच्छा होती.

या दोन्ही गोष्टींना आपण खेळ म्हणतो. शिक्षण म्हणत नाही. वास्तविक ज्या मुलाने एकदा स्वतःच्या हाताने किल्ला रचला, त्याला गडावर पाण्याचे टाके का हवे आणि दरवाजा सरळ वाटेवर न ठेवता वळणाआड का लपवावा, हे वेगळे सांगावे लागत नाही. ज्या मुलीने गोठा बांधला, तिला ‘उतारशाळेत जागा नव्हती’ या शब्दांचा अर्थ प्रवचनाआधीच कळलेला असतो. हाताने केलेली गोष्ट बुद्धीला प्रश्न विचारायला लावते, आणि इतिहासाचा आरंभ नेहमी प्रश्नातूनच होतो.

शाळेत मात्र इतिहास आणि चित्रकला यांची ताटातूट झालेली दिसते. इतिहासाच्या तासाला विद्यार्थी सनावळ्या, कारणे आणि परिणाम उतरवून घेतात. चित्रकलेच्या तासाला स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन यांचा सराव करतात. दोन्ही विषयांचे शिक्षक एकाच खोलीत चहा घेतात, परंतु त्यांच्या विषयांची एकमेकांशी ओळख नसते. परीक्षा तोंडावर आली की बळी जातो तो चित्रकलेचा. एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवीत असताना अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी चित्रकलेच्या तासिका मी स्वतः मागून घेतल्या आहेत, आणि त्या मला मिळाल्याही आहेत. आज त्याची खंत वाटते.

ही ताटातूट कशी झाली, हाही एक इतिहासच आहे. १८५७ या एकाच वर्षी मुंबईत दोन संस्थांचा आरंभ झाला. सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८५३ साली दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. कलाशाळेमागील विचार असा होता की येथील कारागिरांचे हात सुधारावेत, त्यांच्या वस्तूंना बाजार मिळावा. विद्यापीठाचा विचार होता तो शिकलेला, लिहिता-वाचता वर्ग तयार करण्याचा. शाळांमधील चित्रकला पुढे कलाशाळेच्या वाटेने आली. चित्रकला शिक्षक तयार करणारा वर्ग तेथे १८९३ साली सुरू झाला. इतिहास आला तो विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या वाटेने. एक विषय हाताचा ठरला, दुसरा डोक्याचा. आणि आपल्या समाजात हाताच्या कामाला कोणती जागा मिळते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु हात आणि डोके यांची अशी फाळणी होण्यापूर्वी काय घडत असे, हे पाहण्यासाठी आपल्या आठवीतल्या मुलांच्या वयाच्या एका मुलाची गोष्ट येथे सांगावीशी वाटते. त्या मुलाचे नाव अबुल हसन.

फेब्रुवारी १५८० मध्ये सम्राट अकबराच्या निमंत्रणावरून गोव्याहून निघालेले तीन येशूसंघीय धर्मगुरू फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. रुडॉल्फ आक्वाविवा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस हेन्रिकेझ ही त्यांची नावे. अकबराने मोन्सेरात यांच्याकडे आपला मुलगा मुराद याच्या शिक्षणाचे काम सोपविले. या धर्मगुरूंनी सम्राटाला अँटवर्प येथे प्लांतँच्या छापखान्यात छापलेले बहुभाषी बायबल भेट दिले. त्यातील कोरीव मुखपृष्ठांनी आणि पुढे येत राहिलेल्या छापील चित्रांनी मोगल चित्रशाळेत मोठे कुतूहल निर्माण केले. केशवदासासारखे हिंदू चित्रकार आणि इराणी वळणाचे मुसलमान चित्रकार संत मत्तय, पवित्र मारिया आणि ख्रिस्त यांची चित्रे समोर ठेवून आपापल्या कुंचल्यांनी ती उतरवू लागले.

हेरातहून आलेल्या आका रझा या चित्रकाराचा मुलगा अबुल हसन याच वातावरणात वाढला. इ. स. १६०० च्या सुमारास त्याने संत योहानाचे एक रेखाटन केले. न्यूरेंबर्गचा थोर चित्रकार आल्ब्रेश्ट ड्युरर याने १५११ साली ताम्रपटावर कोरलेल्या क्रुसारोहणाच्या दृश्यातून त्याने संत योहानाची आकृती तेवढी उचलली होती. रेखाटनावरील नोंदीनुसार अबुल हसन तेव्हा तेराव्या वर्षात होता. हे रेखाटन आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

या मुलाला लॅटिन येत नव्हती. ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा त्याने कितपत ऐकली होती, कोण जाणे! पण क्रुसाखाली उभ्या असलेल्या त्या शिष्याचे एकमेकांत गुंफलेले हात उतरवताना दुःख बोटांच्या सांध्यांत कसे साठते, हे त्याला पाहावेच लागले असेल. झग्याच्या चुण्या काढताना कापडाचे वजन, अंगाचा बाक, प्रकाशाची दिशा या सर्वांचा त्याने विचार केला असेल. पुढे हाच मुलगा जहांगिराच्या दरबारातील अग्रगण्य चित्रकार झाला आणि सम्राटाने त्याला ‘नादिर-उझ-झमान’, म्हणजे आपल्या युगातील अपूर्व पुरुष, असा किताब दिला. नक्कल करता करता त्याची दृष्टी दुसऱ्याची झाली नाही. ती अधिक स्वतःची झाली.

इतिहासाच्या शिक्षकाने या एका कागदाकडे पाहावे. जर्मनीतील एक नगर, अँटवर्पचा छापखाना, गोव्याचे बंदर, हेरातचे घराणे आणि मोगलांचा दरबार हे सर्व त्या कागदापाशी एकत्र येते. पाठ्यपुस्तकात ‘मोगल काळात युरोपीय कलेचा प्रभाव पडला’ असे एक वाक्य असते आणि विद्यार्थी त्याखाली रेघ ओढून पुढे जातो. तेच रेखाटन त्याला पेन्सिलीने उतरवायला द्या. हे चित्र येथे कसे आले, कोणी आणले, मुसलमान मुलाने संत योहान का काढला, ड्युररला हे कधी कळले असेल का, अशा प्रश्नांची तो रांग लावील. ड्युरर १५२८ सालीच वारला होता, हे उत्तर मग त्याला पाठ करावे लागणार नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच मुलखातील आहे. मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत, मध्ये खंड पडत, आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. अंधारात, वटवाघळांच्या सोबतीने, मेणबत्तीच्या किंवा परावर्तित उजेडात या तरुणांनी दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारांच्या रेषा गिरवल्या. त्या प्रतिकृती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला पाठविण्यात आल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतील पुष्कळ जळाल्या. कागद आणि कापड जळाले. ज्या हातांनी त्या रेषा ओढल्या होत्या, त्या हातांतील शिक्षण मात्र जळाले नाही.

१९०९ च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम यांनी पुन्हा अजिंठ्याच्या प्रतिकृतींचे काम हाती घेतले, तेव्हा बंगालमधून आलेल्या तरुणांत नंदलाल बोस होते. १९१९ मध्ये शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झाले आणि पुढे नंदलालबाबूंनी त्याची धुरा वाहिली. चित्रवह्या घेऊन विद्यार्थ्यांसह प्राचीन स्थळांच्या यात्रा काढणे हा त्यांच्या शिक्षणाचा भाग होता. तेथे इतिहासाचे स्वतंत्र व्याख्यान द्यावे लागत नसे. भिंतीसमोर बसलेल्या विद्यार्थ्याला ती भिंतच इतिहास सांगत असे.

या परंपरेचा एक धागा आपल्या वेदीपर्यंत येऊन पोहोचला आहे. गोव्यातील सांत इस्तेव्ह बेटावर १९०२ साली जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका प्रथम मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाले. तेथील पाश्चात्त्य वळणाच्या शिक्षणात मन न रमल्यामुळे ते बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे गेले. परतल्यावर त्यांनी पवित्र मारियेला साडी नेसवली, तिच्या भोवती आपल्या अंगणातील दिवे आणि झाडे काढली. गोव्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. आपल्या दयामातेचा हा अवमान आहे, असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटले. फोन्सेका पुण्यास गेले आणि ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून चित्रे काढीत राहिले. १९६७ साली त्यांचे निधन झाले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनी त्यांच्या कामाला प्रोत्साहन दिले, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९२२ मध्ये स्पेनहून भारतात आलेल्या या धर्मगुरूला भारताचा इतिहास मुळीच ठाऊक नव्हता, आणि ठाऊक नाही म्हणूनच तो शिकून शिकवण्याचे त्यांनी ठरविले, असे सांगतात. नाणी, मूर्ती, शिलालेख यांच्या सहवासात इतिहास शिकवणाऱ्या या शिक्षकाला चित्रकाराचे महत्त्व कळले, यात नवल नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राशोल येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात जे ओवीने केले, तेच फोन्सेकांनी कुंचल्याने केले. स्टीफन्सना त्यासाठी आधी मराठी संतकवींचा छंद कानांत मुरवून घ्यावा लागला होता. फोन्सेकांना अजिंठ्याहून आलेली रेषा बोटांत मुरवावी लागली. नवे काही निर्माण करण्यापूर्वी जुने हाताने गिरवावे लागते, हा या सर्व कथांचा एकच धडा आहे.

आता प्रश्न असा की शाळेत हे कसे साधावे? एका नववीच्या वर्गाचा अनुभव सांगतो. वसईचा किल्ला पाठ्यपुस्तकात थोडक्यात येतो: १५३४ चा तह, पोर्तुगीज अंमल, १७३९ मधील चिमाजी अप्पांचा विजय. त्या वर्षी आम्ही मुलांना किल्ल्यात नेले, पण माहिती सांगण्यासाठी नव्हे. किल्ल्यातील फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत जुन्या थडग्यांचे दगड आहेत. त्यांवर घराण्यांची चिन्हे आणि पोर्तुगीज लेख कोरलेले आहेत. प्रत्येक मुलाने एकेका दगडापाशी पाऊण तास बसायचे, दगडाला खडू वा रंग लावायचा नाही, केवळ पाहायचे आणि कागदावर उतरवायचे, एवढीच सूचना होती. आरंभीची दहा मिनिटे कुरबुरीत गेली. मग हळूहळू शांतता पसरली.

न कळणाऱ्या भाषेतील अक्षरे उतरवताना एका मुलीने विचारले, “सर, ओळीच्या शेवटी अक्षरे अशी दाटीवाटीने का बसवली आहेत? कोरणाऱ्याला जागा संपेल हे आधी कळले नाही का?” दुसऱ्या मुलाने तर्क केला की कोरणाऱ्याला ती भाषा वाचता येत नसावी; त्याने कोणीतरी लिहून दिलेले चित्रासारखे उतरवले असेल, जसे आज आम्ही उतरवीत आहोत. त्याचा तर्क खरा की खोटा, हे मी सांगू शकलो नाही. परंतु त्या क्षणी त्या दगडामागे प्रथमच एक माणूस उभा राहिला: छिन्नी धरलेला, बहुधा याच मातीतला, ज्याचे नाव कोणत्याही लेखात नाही. पुस्तकातील वसईला राज्यकर्ते होते आणि सेनापती होते. हा कारागीर तिच्यात नव्हता. तो त्या मुलांना पेन्सिलीच्या टोकाशी सापडला.

शाळेत परतल्यावर चित्रकलेच्या शिक्षकांनी त्यांच्याकडून कमान करून घेतली. पाचरीच्या आकाराचे मातीचे ठोकळे वाळवून ते जोडताना माथ्यावरचा ठोकळा बसेपर्यंत कमान आपल्या पायांवर उभी राहत नाही, खालून आधार द्यावाच लागतो, हे मुलांना कळले. आडव्या तुळईवर तोललेले जुने देऊळ आणि कमानीवर तोललेले चर्च यांच्यातील फरक मग फळ्यावर लिहून द्यावा लागला नाही. आणि युद्धानंतर वस्तू कशा प्रवास करतात, हे सांगताना नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेचे नाव निघाले, तेव्हा ती वसईच्या विजयाची खूण असलेली पोर्तुगीज घंटा पाहायला जाण्याचा हट्ट मुलांनीच धरला. १७३९ हे साल त्या वर्गातील कोणी विसरले असेल, असे मला वाटत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला वेळेचा. पाऊण तासात एका दगडाचे चित्र होते. तेवढ्यात एक धडा संपतो. हे खरे आहे. म्हणून प्रत्येक धड्याला चित्र जोडू नये. वर्षातून तीन-चार विषय निवडावेत आणि ते खोलवर करावेत. दुसरा आक्षेप चित्रकलेच्या शिक्षकांचा असतो: कला ही इतिहासाची दासी आहे काय? तिला सजावटीसाठी बोलवायचे आणि काम झाले की परत पाठवायचे? हा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो. बाजारातून तयार चित्रे आणून प्रकल्पवहीत चिकटवणे, थर्मोकोलचा राजवाडा पालकांकडून करवून घेणे, यांत इतिहासही नसतो आणि कलाही नसते. विद्यार्थ्याने अबुल हसनप्रमाणे आधी निरखावे, गिरवावे, आणि मग स्वतःचे काही करावे. शेवटच्या पायरीवर शिक्षकाने त्याला मोकळे सोडले पाहिजे. संत योहान उतरवून झाल्यावर त्याने आपल्या गावच्या कोळी बंदरावर उभा असलेला योहान काढला, तर तो चुकला नाही. तो फोन्सेकांच्या वाटेवर आला.

अनुकूल गोष्टीही आहेत. २०१८ साली आलेल्या दहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात भारतीय कलांचा इतिहास आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन यांवर स्वतंत्र पाठ दिले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कलेची सांगड इतर विषयांशी घालण्याचा आग्रह धरला. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना आपली मुले मोठ्या संख्येने बसतात. मात्र त्या परीक्षांकडे दहावीच्या वाढीव गुणांची शिडी म्हणून पाहिले गेले, तर गुण हाती येतील आणि डोळे तसेच राहतील.

हे सारे धर्मग्रामातील कुटुंबांपुढे मांडण्याचे कारण वेगळे आहे. काही वर्षांपूर्वी एका जुन्या चर्चमध्ये मी एक लाकडी मूर्ती पाहिली होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग विटला होता. पण कोरणाऱ्याने ओठांच्या कडेला ठेवलेली किंचित वेदना स्पष्ट दिसत होती. अलीकडे पुन्हा तेथे गेलो, तेव्हा सणानिमित्त ती मूर्ती चकाकत्या तैलरंगाने नव्याने रंगवलेली होती. गाल गुलाबी झाले होते, ओठ लाल झाले होते, आणि ती वेदना रंगाच्या थराखाली गेली होती. ज्यांनी हे केले ते श्रद्धाळू लोक होते. त्यांनी स्वतःचे पैसे खर्चून, प्रेमाने केले. त्यांच्या श्रद्धेत उणे नव्हते. कोणी त्यांना पाहायला शिकवले नव्हते, एवढेच. शाळेत त्यांनी इतिहासही शिकला असेल आणि चित्रकलाही. दोन्हींची गाठ मात्र पडली नसेल.

आज नववी-दहावीच्या बाकांवर बसलेली मुले आणखी वीस-पंचवीस वर्षांनी आपल्या पॅरिश कौन्सिलमध्ये बसतील. जुनी वेदी ठेवावी की संगमरवरी करावी, कौलारू ओसरी पाडावी की दुरुस्त करावी, वाटेवरचा जुना क्रूस रस्तारुंदीत कोठे हलवावा, हे निर्णय त्यांच्या हाती असतील. त्या वेळी त्यांना सनावळ्या आठवतील की नाही, सांगता येत नाही. पण ज्याने तेराव्या वर्षी त्या वेदीवरची वेल पाऊण तास बसून कागदावर उतरवली असेल, त्याचा हात ती वेदी उखडण्याच्या ठरावावर सही करताना थबकेल. निदान तो विचारील, “ही कोणी कोरली होती?” आपला वारसा वाचवायला एवढा प्रश्नसुद्धा पुष्कळदा पुरेसा असतो.

शाळेची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. सुटीत आजीच्या घराचा आराखडा नातवंडांकडून काढून घ्यावा. पडवी कोठे होती, चूल कोणत्या दिशेला होती, हे आजीने सांगावे आणि नातीने रेखाटावे. आजीचे लुगडे, तिचे दागिने, गावातला क्रूस, चर्चचा जुना दरवाजा, यांची चित्रवही प्रत्येक घरात असावी. आणि येत्या नाताळात बाजारातून प्लॅस्टरचा तयार गोठा आणण्याचा मोह आवरावा. मुलांच्या हाती माती, गवत आणि थोडा वेळ द्यावा. छप्पर कदाचित वाकडे होईल. मेंढपाळ मेंढ्यांपेक्षा लहान होतील. पण त्या वाकड्या छपराखाली ठेवलेला बाळ येशू त्यांच्या ओळखीचा असेल.